भूर्जवृक्षांची राई

संस्कृत काव्यें शिकतांना ‘भूर्जपत्र’ हा शब्द आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेला असतो. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ नाटकांत उर्वशी आपलें मनोगत भूर्जपत्रावर लिहून राजाकडे टाकते. आणि ‘कुमारसंभवा’च्या पहिल्याच सर्गांत हिमालयाचें वर्णन करितांना कवीनें असें सांगितलें आहे कीं, तेथें विद्याधरांच्या सुंदरी भूर्जाच्या सालीवर धातूंच्या रंगानें प्रेमपत्रें लिहितात. वर्गांत हें स्थळ आलें म्हणजे गुरुजी ‘भूर्ज म्हणजे हिमालयांत होणारा एक वृक्ष’ एवढें सांगून पुढें जातात, व आपणही वहींत तेवढेंच टिपून घेतों. यांत गुरुजींचा दोष नाहीं. पिंपळ, पळस, कदंब, अशोक हीं काव्यांतील झाडें आपणांस दारांत किंवा रानांत पाहावयास मिळतात. भूर्ज मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरही उगवत नाहीं व गोदावरीच्या कांठींही उगवत नाहीं. त्यामुळें तो कोशांतला वृक्षच होऊन बसला आहे.

हाच भूर्जवृक्ष एके ठिकाणीं शंभराहून अधिक संख्येनें, सपाट पायवाटेवरून चालत जाऊन, हात लागेल इतक्या जवळून पाहतां येतो. मात्र तें ठिकाण हिमालयांत नसून इंग्लंडांत आहे. केंब्रिज शहराच्या ईशान्येस सुमारें सहा मैलांवर लोड नांवाचें एक खेडें आहे. त्याच्या कडेला अँगल्सी ॲबी नांवाचा जुना वाडा असून त्याच्याभोंवतीं जी विस्तीर्ण बाग पसरली आहे तींत ही राई आहे. जानेवारीच्या अखेरीस ही बाग पाहण्याचा योग आम्हांस आला. हिमालयाचें झाड इंग्लंडच्या सखल प्रदेशांत काय करीत आहे, त्याची साल इतकी पांढरी कां, आणि त्याच्या शास्त्रीय नांवाचा आपल्या मुंबईशीं काय संबंध, याविषयीं आमच्या विद्यार्थिमित्रांस थोडी माहिती द्यावी असा या लेखाचा हेतु आहे.

‘लोड’ हें गांवाचें नांव ऐकून पुष्कळांस गादीवरचा लोड आठवेल. परंतु त्या भागाच्या बोलींत लोड म्हणजे दलदलीच्या जमिनींतून माणसांनीं खणलेला पाण्याचा पाट होय. केंब्रिजच्या उत्तरेचा व पूर्वेचा बराच मुलूख पूर्वीं पाणथळ होता. पाट काढून, बांध घालून तो शेतीखालीं आणिला. त्यामुळें तळहातासारखी सपाट काळी जमीन, तिच्यावर पसरलेलें मोठें थोरलें आकाश, आणि अडसर नसल्यामुळें अंगावर येणारा बोचरा वारा, असा तो देखावा आहे. ज्याला डोंगराची संवय आहे त्याचे डोळे तेथें उगीचच क्षितिजावर कांहीं तरी शोधीत राहतात. भूर्जासारख्या डोंगरी झाडाला अशा मुलखांत आणावें ही कल्पनाच प्रथमदर्शनीं विलक्षण वाटते.

वाड्याचा इतिहास थोडक्यांत असा. नांवांत ‘ॲबी’ असलें तरी येथें मोठा मठ कधींच नव्हता. बाराव्या शतकांत स्थापन झालेला ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मोपदेशकांचा एक लहान मठ होता. आठव्या हेन्री राजानें १५३६ च्या सुमारास इंग्लंडांतील मठ मोडून त्यांच्या जमिनी जप्त केल्या, त्यांत हाही गेला. पुढें जुन्या भिंतींचा उपयोग करून सुमारें १६०० मध्यें तेथें राहतें घर उठलें. सतराव्या शतकांत ही मालमत्ता कांहीं काळ टॉमस हॉब्सन या गृहस्थाकडे होती. हा हॉब्सन म्हणजे केंब्रिज व लंडन यांच्यामध्यें मालाची ने-आण करणारा आणि विद्यार्थ्यांस घोडे भाड्यानें देणारा प्रसिद्ध तबेलेवाला. चांगल्या घोड्यांनाच सारखी मागणी येऊन ते मरमर मरूं नयेत म्हणून त्यानें असा नियम केला होता कीं, दाराजवळ जो घोडा उभा असेल तोच घ्यावा, नाहीं तर पायीं जावें. ‘हॉब्सनची निवड’ हा इंग्रजींतील वाक्प्रचार त्यावरून पडला असें सांगतात. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत ‘सर्व प्रश्न आवश्यक’ अशी सूचना पाहून विद्यार्थ्यांस या तबेल्याची आठवण होण्यास हरकत नाहीं.

आज दिसते ती बाग मात्र इतकी जुनी नाहीं. १९२६ मध्यें हटलस्टन ब्रॉटन व हेन्री ब्रॉटन या दोघां भावांनीं हा वाडा विकत घेतला. त्यांचा पिता इंग्रज अभियंता, माता अमेरिकन. आणि मातेचा पिता हेन्री रॉजर्स हा स्टँडर्ड ऑइल या तेलाच्या प्रचंड व्यापारांतील एक धनाढ्य भागीदार. जेथें मॅग्ना कार्टावर जॉन राजाची मोहोर उमटली तें रनिमीड येथील कुरण याच मातेनें व तिच्या दोघां पुत्रांनीं पित्याच्या स्मरणार्थ नॅशनल ट्रस्टला अर्पण केलें, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दोघां भावांत असा करार होता कीं, ज्याचें लग्न आधीं होईल त्यानें आपला वाटा दुसऱ्यास विकावा. १९३२ मध्यें हेन्रीचें लग्न झालें, आणि वाडा थोरल्याकडे आला. थोरल्यास १९२९ मध्यें लॉर्ड फेअरहेवन ही पदवी मिळाली होती. तो आजन्म अविवाहित राहिला, आणि १९६६ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यानें या सपाट माळावर बाग उभी करण्याचें काम चालू ठेविलें. मृत्युपत्रानें त्यानें वाडा व बाग नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. १८९५ मध्यें स्थापन झालेली ही संस्था जुन्या वास्तु व निसर्गरम्य स्थळें लोकांसाठीं राखण्याचें काम करिते.

लॉर्ड फेअरहेवनची हौस मोठी राजेशाही थाटाची होती. सरळसोट वृक्षवीथी, त्यांच्या टोकांशीं पुतळे, हिरव्या कुंपणांच्या भिंतींनीं बांधलेले चौक, असा त्याचा थाट. सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या वर्षीं, म्हणजे १९३७ मध्यें, त्यानें सुमारें अर्धा मैल लांबीची एक वीथी लावविली. आणि एका वाटेवर बारा रोमन बादशहांचे अर्धपुतळे ओळीनें उभे केले. खरें सांगावयाचें तर या बादशहांपुढून आम्ही जरा लवकरच निघून गेलों. संगमरवरी मुद्रा कोठेंही पाहतां येतात. पण एवढी लांब वीथी लावणारा मनुष्य तिची पूर्ण सावली आपणांस मिळावयाची नाहीं हें जाणूनच ती लावितो, या गोष्टीकडे मात्र आमचें मन पुनःपुन्हां जात होतें.

आमचें जाणें त्या मुख्य वीथींसाठीं नव्हतें. हिवाळी वाटेसाठीं होतें. इंग्लंडांत नोव्हेंबरपासून झाडांची पानें झडून जातात, दुपारीं चार वाजतांच दिवस मावळूं लागतो, आणि बहुतेक बागा वसंत ऋतूपर्यंत झोंपीं गेलेल्या असतात. अशा दिवसांतच पाहण्यासारखी एखादी बाग असावी, या विचारानें लॉर्ड फेअरहेवनच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानें १९९० नंतरच्या दशकांत येथें नवी वाट आंखण्यांत आली. ती सुमारें साडेचारशें मीटर लांब असून सापासारखी वळणें घेत जाते, त्यामुळें पुढें काय आहे तें एकदम दिसत नाहीं. जुन्या सरळ वीथींच्या शेजारीं ही वांकडी वाट मुद्दाम केलेली आहे.

या वाटेवर फुलांपेक्षां सालींचें व काड्यांचें राज्य आहे. डॉगवुड नांवाच्या झुडपाच्या पर्णहीन काड्या शेंदरी, पिंवळ्या व लाल अशा एकत्र उभ्या असतात, तेव्हां दुरून जमिनींतून ज्वाळा निघाल्यासारख्या दिसतात. हा रंग कोंवळ्या काड्यांनाच असतो. म्हणून बागवान वसंतांत झुडपें जमिनीलगत छाटून टाकितात, व पुढील हिवाळ्यापर्यंत पुन्हां नवीन काड्या येतात. रास्पबेरीच्या जातीचें एक चिनी झुडूप आहे, त्याच्या कांटेरी फांद्यांवर पिठूळ पांढरा लेप असतो. कोणी चुन्याचा हात दिला कीं काय असा भास होतो. तिबेटी चेरीची साल घांसून पुसून ठेविलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी चकाकते. सार्कोकोका नांवाचें एक बुटकें सदाहरित झुडूप आहे. त्याचीं फुलें शोधूनही नीट दिसत नाहींत, पण वास मात्र दहा पावलांवरून मधासारखा येतो. थंडीच्या दिवसांत परागवाहक किडे थोडे असतात, तेव्हां या मोसमांत फुलणाऱ्या झाडांना रंगाच्या दिमाखापेक्षां सुगंधाच्या हांकेवर अधिक भिस्त ठेवावी लागते. ठिकठिकाणीं जमिनीवर स्नोड्रॉपचीं पांढरीं, खालीं मान घातलेलीं फुलें आलेलीं होतीं. या एका फुलाच्या शेंकडों जाती या बागेंत जमविल्या असून त्या पाहण्यासाठीं शौकीन लोक फेब्रुवारींत लांबून येतात. आम्हांस त्यांतील बहुतेक जाती सारख्याच दिसल्या.

असें वळत वळत गेल्यावर शेवटच्या वळणाशीं झुडपें संपतात व एकदम भूर्जांची राई पुढें उभी राहते. तेथें दुसरा रंगच नाहीं. एकमेकांजवळ लाविलेलीं शंभरावर झाडें, सरळ, फारशीं जाड नव्हेत, आणि बुंध्यापासून वरच्या फांद्यांपर्यंत पांढरीं. हा पांढरा रंग कागदाचा नव्हे व चुन्याचाही नव्हे. ताज्या सायीवर असतो तसा किंचित् पिंवळसर, मऊ असा तो आहे. खोडावर आडव्या बारीक रेघा असतात. ढगाळ दिवस होता, तरी त्या राईंत बाहेरच्यापेक्षां अधिक उजेड आहे असें वाटलें. समोरचीं खोडें दाट, त्यांच्या फटींतून मागचीं, त्यांच्याही मागचीं. किती खोल गेलें आहे याचा अंदाज लागत नाहीं. मोजलें तर जागा लहान आहे. तेथें आलेलीं मुलेंसुद्धां आवाज न करितां खोडांमधून हिंडत होतीं.

हा शुभ्रपणा सर्वस्वीं निसर्गाचा नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. इंग्लंडच्या दमट हवेंत झाडांच्या सालीवर हिरवें शेवाळ चढतें, व महिन्यां-दोन महिन्यांत खोडें मळकट दिसूं लागतात. यास्तव हिवाळ्यांत बागवान हीं खोडें पाण्यानें धुऊन काढितात. झाडाला अभ्यंगस्नान घालणारी ही माणसें आपणांस हास्यास्पद वाटतील. परंतु आपल्याकडेही वडाला सूत गुंडाळतात व तुळशीचें लग्न लावितात. झाडाशीं माणसानें कसें वागावें याचे संकेत देशोदेशीं वेगळे.

आतां हा पांढरा रंग येतो कोठून? भूर्जाच्या बाहेरच्या सालीच्या पेशींत बेट्युलिन नांवाचा एक मेणचट पांढरा पदार्थ सांठलेला असतो. त्याच्या सूक्ष्म कणांवरून प्रकाश परत फिरतो, म्हणून साल पांढरी दिसते. झाडाला याचा उपयोग काय, याविषयीं असें मानितात कीं, बर्फाळ प्रदेशांत हिवाळ्याच्या दुपारीं सूर्याची व बर्फावरून उलटलेली प्रभा खोडावर पडते. खोड काळें असतें तर तें तापलें असतें, आणि सूर्य मावळतांच एकदम गोठून सालीला तडे गेले असते. पांढरें खोड तापतच नाहीं. शिवाय बेट्युलिन पाण्याला दाद देत नाहीं, व बुरशीलाही सहजासहजीं वाव देत नाहीं. आडव्या रेघा म्हणजे झाडाचीं श्वासरंध्रें होत. खोड जाड होऊं लागलें कीं जुनी बाहेरची साल ताणली जाऊन तिचे आडवे पापुद्रे सुटतात, आणि त्यांच्या आंतून नवी, अधिक उजळ साल बाहेर येते.

हे पापुद्रे पाहून कोणाच्याही बोटांना ते ओढण्याचा मोह होतो. आपोआप सुटलेला पापुद्रा निघाला तर झाडाला इजा नाहीं, कारण बाहेरचे थर मृत असतात. परंतु त्यांच्या आंत जिवंत साल असते, आणि पानांत तयार झालेलें अन्न मुळांकडे तिच्यांतूनच उतरतें. ओढतां ओढतां किंवा सुरीनें कापतां कापतां ती सभोंवार तुटली, तर मुळें उपाशी पडून झाड मरतें. म्हणजे ज्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं ग्रंथ लिहिले ती काढणें हें हलक्या व जाणत्या हाताचें काम होतें, कोणीही ओरबाडावी अशी ती वस्तु नव्हे.

इंग्रज या झाडाला ‘बर्च’ म्हणतात. ‘बर्च’ व ‘भूर्ज’ हे दोन शब्द उच्चारांत जवळचे आहेत तो केवळ योगायोग नव्हे. ते एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. जर्मन भाषेंत ‘बिर्के’, रशियन भाषेंत ‘बेर्योझा’, लिथुआनियन भाषेंत ‘बेर्झास’ हींही त्याच कुळांतलीं नांवें. झाडांची फारच थोडीं नांवें अशीं आहेत कीं जीं संस्कृतांत व युरोपांतील भाषांत समान राहिलीं. माणसें नव्या देशांत गेलीं कीं तेथलीं झाडें निराळीं, म्हणून जुनीं नांवें तरी विसरलीं जातात किंवा भलत्याच झाडाला चिकटतात. भूर्ज मात्र थंड मुलखांत सर्वत्र भेटत राहिला आणि नांवही टिकलें. त्या मूळ शब्दाचा अर्थ ‘झळकणारा’ असा असावा, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. राईंत उभे असतां हा अर्थ पटण्यास व्युत्पत्तीचा कोश लागत नाहीं.

इंग्लंडचा स्वतःचाही एक रुपेरी बर्च आहे. तो रानांत माळावर आपोआप उगवतो, परंतु त्याचा बुंधा वयाबरोबर काळा व खडबडीत होत जातो. अँगल्सी ॲबीच्या राईंतले वृक्ष तेवढ्यानें वेगळे ओळखूं येतात. ते हिमालयाचे आहेत. नेपाळांतून नाथानिएल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञानें पाठविलेल्या नमुन्यांवरून डेव्हिड डॉन यानें १८२५ मध्यें या वृक्षाला ‘बेट्युला युटिलिस’ असें नांव दिलें. ‘युटिलिस’ म्हणजे उपयोगी. नांव यथार्थ आहे. लिहिण्याशिवाय घराच्या धाब्यांत मातीखालीं पाणी अडविण्यासाठीं, छत्र्यांसाठीं, हुक्क्याच्या नळीसाठीं आणि वस्तु गुंडाळण्यासाठीं ही साल डोंगरांतील लोक वापरीत आले. या वृक्षाच्या पूर्वेकडील झाडांची साल तांबूस किंवा तपकिरी असते. पश्चिमेकडे, काश्मीरापासून नेपाळच्या पश्चिम भागापर्यंत, ती पांढरी होत जाते. बागांत लावितात तो हा पांढरा पश्चिमी प्रकार, आणि त्याच्या नांवापुढें आणखी एक शब्द जोडतात : ‘जॅकेमोंटी’.

हा शब्द एका माणसाचें नांव आहे. व्हिक्टर जाकमाँ हा फ्रेंच तरुण १८०१ मध्यें पॅरिस येथें जन्मला. तेथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयानें त्याला वनस्पति, प्राणी व खडक यांचे नमुने जमविण्यासाठीं हिंदुस्थानांत पाठविलें. १८२९ मध्यें तो कलकत्त्यास उतरला. पुढील वर्षीं हिमालयांत शिरून तो तिबेटच्या सरहद्दीपर्यंत गेला. १८३१ मध्यें लाहोरास महाराजा रणजितसिंगांची भेट घेतली, आणि त्यांच्या आश्रयानें काश्मीरांत जाऊन अनेक महिने हिंडला. त्याच्यापाशीं पैसा थोडा, बरोबरचे नोकर थोडे, प्रकृति बेताची. परंतु घरच्या माणसांस लिहिलेल्या त्याच्या पत्रांत चेष्टा व उत्साह यांना खळ नाहीं. तीं पत्रें पुढें पुस्तकरूपानें छापलीं गेलीं. काश्मीरांतून परतल्यावर तो दक्षिणेस वळला. राजपुताना, माळवा, वेरूळ, पुणें असा प्रवास करीत तो मुंबईच्या बाजूस आला आणि साष्टीच्या रानांत आजारी पडला. यकृतांतील गळवानें ७ डिसेंबर १८३२ रोजीं मुंबईंत त्याचा अंत झाला. त्या वेळीं त्याचें वय एकतीस वर्षांचें होतें. मुंबईच्या मातींत त्याची अस्थि सुमारें पन्नास वर्षें राहिली. १८८१ मध्यें ती पॅरिसला नेण्यांत आली. त्यानें जमविलेल्या वनस्पतींचा अभ्यास दुसऱ्यांनीं केला, व १८४१ मध्यें एदुआर स्पाख यानें या पांढऱ्या भूर्जास त्याचें नांव दिलें. अँगल्सी ॲबीच्या राईंत हिंडणाऱ्या हजारों लोकांपैकीं हें नांव उच्चारणारे पुष्कळ असतील. परंतु त्या नांवाचा माणूस आपल्या मुंबईंत मरण पावला ही गोष्ट मुंबईकरांस तरी ठाऊक असावी.

आतां पुन्हां भूर्जपत्राकडे वळूं. अल्बेरुनी या मुसलमान पंडितानें इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानासंबंधीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत या विषयाची चांगली माहिती आहे. दक्षिणेकडील लोक ताडाच्या पानांवर लिहितात, आणि मध्य व उत्तर हिंदुस्थानांतील लोक भूर्जाच्या सालीवर लिहितात, असें तो म्हणतो. सुमारें गजभर लांब व पसरलेल्या बोटांइतका रुंद असा तुकडा घेऊन त्याला तेल लावीत, घोंटून कठीण व गुळगुळीत करीत, आणि मग त्यावर लिहीत. पानांना अनुक्रमांक घालून तीं सर्व वस्त्रांत गुंडाळीत व दोन फळ्यांमध्यें धरीत. अशा ग्रंथाला ते लोक ‘पोथी’ म्हणतात, असेंही त्यानें नमूद केलें आहे. हजार वर्षांपूर्वींच्या परकीय लेखकाच्या ग्रंथांत आपल्या आजीच्या देव्हाऱ्यांतला शब्द सांपडावा याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

काश्मीरांत कागदाचा प्रसार झाल्यावर ही साल हळूहळू मागें पडली. तरी जें शिल्लक राहिलें तें अमोल आहे. १८८१ मध्यें पेशावरच्या बाजूस बक्षाली गांवीं एका शेतकऱ्याला जमिनींत भूर्जपत्रांची एक जीर्ण पोथी सांपडली. तींत गणित असून शून्यासाठीं टिंब वापरलेलें आहे. २०१७ मध्यें तिच्या कांहीं पानांचें कार्बनपद्धतीनें कालमापन झालें. एक पान तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आसपासचें निघालें, पण निरनिराळ्या पानांचे काळ निरनिराळे आल्यामुळें विद्वानांत अजून वाद आहे. १८९० मध्यें मध्य आशियांत कुचा येथें हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्यास जी पोथी मिळाली ती वैद्यकाची असून तिच्या आरंभींच लसणाचे गुण वर्णिलेले आहेत. या दोन्ही पोथ्या ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहेत. तेव्हां केंब्रिजजवळ भूर्जाचें झाड आणि ऑक्सफर्डला भूर्जाचें पान, असा हा योग आहे. पान पाहण्यासाठीं मात्र आपणांस इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. १८७५ मध्यें डॉक्टर ब्यूलर यांनीं मुंबई सरकारसाठीं काश्मीरांत जाऊन जीं हस्तलिखितें मिळविलीं, त्यांत शारदा लिपींत भूर्जपत्रांवर लिहिलेली ऋग्वेदाची एक प्रत होती. ती प्रथम डेक्कन कॉलेजांत होती. नंतर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आली. तेथील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांचा समावेश युनेस्कोनें २००७ मध्यें जगाच्या स्मृतिसंग्रहांत केला. त्यांत भूर्जपत्रांची प्रत ही एकच, बाकीच्या एकोणतीस कागदाच्या आहेत. जुनें भूर्जपत्र अतिशय ठिसूळ होतें; त्याचे थर एकमेकांपासून सुटतात, व निष्काळजी बोट लागलें तर अक्षरासकट कपरा उडून जातो. बुरशी व पाणी यांना टक्कर देणारी ही साल शेवटीं माणसाच्या हाताला भिते.

झाडाची स्थितीही पानासारखीच आहे. हिमालयांत समुद्रसपाटीपासून सुमारें तीन हजार मीटरांच्या वर, जेथें दुसरीं मोठीं झाडें संपत येतात, तेथें भूर्जाचीं वनें असतात. वर्षांतले कित्येक महिने बर्फाखालीं जात असल्यामुळें त्याची वाढ फार मंद असते, व एकदां तुटलेलें वन लवकर भरून येत नाहीं. इंग्लंडांतील रोपवाटिकांत सर्वांत पांढरें झाड निवडून त्याचीं कलमें बांधितात, आणि पाहिजे तितकीं सारख्या रूपाचीं झाडें थोड्या वर्षांत तयार होतात. त्यामुळें एखाद्यास असें वाटेल कीं, हिमालयांत भूर्ज कमी झाला तरी बागांतून तो सुरक्षित आहेच. आम्हांस हें मान्य नाहीं. धुतलेल्या खोडांची राई पाहून झाडाची ओळख होते, त्याच्याविषयीं प्रेम उत्पन्न होतें, आणि एवढें काम बागेनें उत्तम केलें आहे. परंतु कड्यावरची सुटी माती धरून ठेवणें, बर्फाचा लोट अडविणें, कस्तुरीमृगाला आसरा देणें हीं कामें करणारा भूर्ज तो तेथेंच असला पाहिजे.

गंगोत्रीहून गोमुखाकडे जाणारी वाट ज्यांनीं चालली आहे त्यांस वाटेवरचीं दोन नांवें आठवत असतील. पहिलें चीडवासा, तेथें चिडाचीं झाडें. त्याच्या पुढें, गंगोत्रीपासून सुमारें चौदा किलोमीटरांवर भोजवासा. म्हणजे भोजांचें, भूर्जांचें वसतिस्थान. ज्यानें प्रथम हीं नांवें दिलीं त्यानें डोळ्यांपुढें जें वन होतें त्यावरूनच तीं दिलीं. यात्रेकरू व गिर्यारोहक वाढले, चुलींसाठीं लांकूड तोडलें गेलें, जनावरें चरलीं, आणि भोजवाशाला भोजवृक्ष विरळ झाले. उत्तरकाशीच्या गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनीं १९९० नंतरच्या दशकांत तेथें भूर्जांचीं रोपें लावण्याचें काम हातीं घेतलें. बर्फ, थंडी व गुरें यांच्यापासून तीं रोपें वांचविण्यासाठीं कुंपणें घालावीं लागलीं. २००८ पासून गोमुखाकडे जाणाऱ्यांची संख्या दिवसाला दीडशेंवर मर्यादित करण्यांत आली. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जो कोणी उन्हाळ्याच्या सुटींत त्या वाटेनें जाईल, त्यास भोजवाशाच्या अलीकडे-पलीकडे पांढऱ्या सालीचीं झाडें शोधावीं लागतील. खालीं गळून पडलेला पापुद्रा सांपडल्यास त्यानें तो हातांत घेऊन अवश्य पाहावा. झाडावरचा मात्र झाडावरच असूं द्यावा.